तहानेचं वजन

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. जुनाही आहे, पण ते माझ्याकडे बघितल्यावर कळतंच, म्हणून त्यावर तुमचा वेळ घालवत नाही.

मी भाजीबाजारातला काटा नाही. माझ्यावर गायी उभ्या राहतात. माझा पाट ओकच्या लाकडाचा, जमिनीला सपाट बसवलेला. भोवती लोखंडी कठडा, पुढे एक फाटक, मागे एक फाटक. कठड्याबाहेर लांब दांडी, आणि दांडीवर सरकणारं एक वजन. त्याला इथे सगळे रोमानो म्हणतात. गाय आत आली की रोमानो सरकवत न्यायचा, दांडी सरळ झाली की थांबायचं आणि आकडा वाचायचा. एवढंच माझं बोलणं. बाकी जे बोलायचं आहे ते आज एकदाच बोलून घेतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. मला फारसं काही वाटत नाही. ओझं आलेलं कळतं, ओझं उतरलेलं कळतं. मधल्या वेळात मी रिकामा असतो. त्यामुळे गोष्टीत जिथे रडायला हवं तिथे मी कोरडा वाटलो तर रागावू नका. लोखंड रडलं की गंजतं.

माझा जन्म नेपल्समधल्या एका भट्टीतला. तिथून आगगाडीने आणि मग बैलगाडीने मी सेर्राल्बाच्या टेकड्यांवर आलो. इटलीच्या दक्षिणेतल्या या टेकड्यांवर माती कमी आणि दगड फार. मला विकत आणलं कानियोच्या वडिलांनी. तोवर व्यापारी डोळ्यांनीच गायीचं वजन ठरवायचे, आणि त्यांच्या डोळ्यांना नेहमी कमीच दिसायचं. मी आलो आणि त्यांची दृष्टी सुधारली.

मला बसवलं त्या दिवशी पाद्रीबाबा मंत्र म्हणायला आले होते. मंत्र झाल्यावर ते गंमत म्हणून माझ्यावर उभे राहिले. मी एकशे चार किलो सांगितलं. पाद्रीबाबा म्हणाले, यंत्रात खोट आहे. म्हणजे माझ्या कामाची सुरुवातच अविश्वासाने झाली. पण लोक हसले, मला सोडून देण्यात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गायी येऊ लागल्या.

इथली गाय राखाडी, शिंगं हातभर लांब. वासरू जन्मतं ते मात्र गव्हाच्या रंगाचं असतं आणि चार-पाच महिन्यांत राखाडी होतं. कालवडींतल्या चांगल्या ठेवायच्या, गोऱ्हे विकायचे. विकलेले खाटकाकडे जातात. इथे ते कोणी दबक्या आवाजात सांगत नाही.

आता इथली रीत सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

गाय काट्यावर घ्यायची असली की आदल्या संध्याकाळी सपाट दगडांवर मीठ पसरायचं. गायी ते चाटून साफ करतात. रात्रभर पाणी द्यायचं नाही. सकाळी त्यांना हौदावर सोडायचं आणि पोट टम्म होईस्तोवर पिऊ द्यायचं. हौदावरून थेट माझ्याकडे. याला कोणी फसवणूक म्हणत नव्हतं. व्यापाऱ्याला सगळं माहीत असायचं. तो वजन बघायचा, “दोन बादल्या वजा,” म्हणायचा आणि हात पुढे करायचा. त्यानं ते म्हटलं नसतं तर कानियोच्या वडिलांना तो आजारी आहे असं वाटलं असतं.

वडील गेल्यावर कळप कानियोकडे आला. कानियो कष्टाळू माणूस. त्यानं ठरवलं की कळप सुधारायचा. दरवर्षी सान रोक्कोच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सतरा ऑगस्टला, तो सगळ्या वर्षभराच्या कालवडी आणि आधी निवडलेल्या गायी माझ्यावर घ्यायचा. जड त्या ठेवायच्या, हलक्या त्या काढून टाकायच्या. वळूही तसाच निवडायचा. बोट दाखवून, नवस बोलून, शिंगांचा आकार बघून निवडणाऱ्या लोकांमध्ये हा एकटा आकड्यावर चालणारा. गावात त्याला शास्त्रज्ञ म्हणायचे. थोडं चिडवून, पण म्हणायचे.

आणि वजन करायचं म्हणजे आदल्या संध्याकाळी मीठ आलंच. सकाळी हौद आलाच. स्वतःच्याच गायी, स्वतःसाठीच मोजायच्या, समोर व्यापारी नाही, तरी कानियो दगडांवर मीठ पसरायचा. त्याला कोणी विचारलं असतं, “का रे?” तर तो म्हणाला असता, “वजन करायचंय ना?” पण कोणी विचारलंच नाही. मीही नाही. मला विचारता येत नाही.

अशी पंचवीस वर्षं गेली.

ते माझे वैभवाचे दिवस, मित्रांनो. दर महिन्याला माझ्या सांध्यांना वंगण मिळायचं. पाटाखालची माती काढली जायची. आकडे दरवर्षी वाढत होते. कानियोची लाडकी गाय बारोनेस्सा तर सहाशे एकेचाळीस किलो भरली तेव्हा त्यानं माझ्या दांडीची पापी घेतली. मिशी टोचली. दांडीला कधी काही टोचलं असेल तर तेवढंच.

नाकारलेल्या हलक्या कालवडी जायच्या बार्तोलोकडे. बार्तोलो शेजारच्या टेकडीवरचा. कानियो त्याच्या मुलाचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कोम्पारे म्हणतात. बार्तोलोच्या टेकडीवर टाकं नाही. खडकातून झिरपणारा एक झरा आहे, अंगठ्याएवढ्या धारेचा. कालवडींच्या बदल्यात तो कानियोच्या गडग्यांचे ढासळलेले दगड नीट रचून द्यायचा. हाडकुळी कालवड हाकत नेताना तो दरवर्षी म्हणायचा, “कोम्पारे, तुझा कचरा नेतोय.” आणि कानियो दरवर्षी म्हणायचा, “ने बाबा, तेवढीच जागा मोकळी.”

पूर्वी उन्हाळ्यात सगळेच कळप डोंगरावर जायचे, चार दिवस चालत. ती वाट मोठ्या रस्त्याखाली गेली. आता गायी बारा महिने इथेच असतात, आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाणी म्हणजे फक्त टाकं. खडकात खोदलेलं, पावसानं भरणारं, कानियोच्या पणजोबांच्या वेळचं.

त्या वर्षी हिवाळ्यातच पाऊस झाला नव्हता.

कानियोची मुलगी इन्कोरोनाता हे सगळ्यांच्या आधी बोलली. ती सकाळी गावातल्या शाळेची बस चालवते आणि उरलेला वेळ गायींना देते. बोलते कमी. बसमध्ये अकरा मुलं ओरडत असतात, त्यामुळे तिचा बोलण्याचा कोटा दुसरेच संपवतात. जुलैत एकदा ती माझ्या कठड्याला टेकून उभी होती.

“बाबा, पलीकडच्या उतारावर गवत तसंच उभं आहे.”

“मग बरंय की.”

“बरं कसलं? खातंय कोण? टाक्याभोवती काडी उरली नाही, तरी सगळ्या इथेच. त्या उतारावर जाऊन यायला दोन तास लागतात. तेवढा वेळ यांना पाण्यावाचून काढवत नाही.”

“ऊन आहे, पोरी.”

“बार्तोलोकाकांच्या टेकडीवर काय सावली पडते?”

कानियो टोपी काढून आत बघत राहिला, टोपीत काहीतरी लिहिलेलं असावं तसा.

सोळा ऑगस्टला सान रोक्कोची जत्रा झाली. पावसासाठी म्हणून संताची मूर्ती नदीपर्यंत मिरवत नेली. नदीला पाणी नव्हतं, त्यामुळे मूर्ती थोडा वेळ गोट्यांमध्ये उभी केली आणि परत आणली. त्याच संध्याकाळी कानियोनं दगडांवर मीठ पसरलं.

सकाळी इन्कोरोनातानं पंप सुरू केला. पंपानं खोकल्यासारखा आवाज काढला आणि मग नुसती हवा टाकू लागला. टाक्यातलं पाणी नळीच्या तोंडाखाली गेलं होतं. हौद कोरडा. चव्वेचाळीस गायी आणि कालवडी हौदाभोवती गोळा होऊन हंबरत होत्या. मीठ चाटून झालेलं होतं.

“नळी लांब करायला दुपार होईल,” इन्कोरोनाता म्हणाली. “बादलीनं काढते, पण म्हाताऱ्या गायी घ्यायला व्यापारी नऊला येतोय.”

“तर मग आण तशाच काट्यावर,” कानियो म्हणाला. “आधी बारोनेस्सा.”

बार्तोलो आला होता, दरवर्षीसारखा, आपला कचरा न्यायला. गडग्यावर बसून तो तळलेल्या सुक्या मिरच्या कुडुमकुडुम खात होता.

बारोनेस्सा माझ्या पाटावर आली. मी तिला पायांवरूनच ओळखतो. पुढचा उजवा ती जरा जास्त दाबून टाकते. कानियोनं रोमानो नेहमीच्या जागी नेऊन ठेवला. दांडी पडली. मागे घेतला. अजून मागे. दांडी सरळ झाली तेव्हा तो पाचशे अठ्ठ्याऐंशीवर होता.

“पुन्हा,” कानियो म्हणाला.

पुन्हा पाचशे अठ्ठ्याऐंशी.

“गेल्या वर्षी सहाशे एकेचाळीस होती. काटा मेला.”

“कोम्पारे,” गडग्यावरून बार्तोलो म्हणाला, “काट्याला मारू नकोस. तुझ्या बापाच्या वेळचा आहे. त्याचं वय झालं असेल, पण खोटं बोलायची सवय या वयात कुठून लागणार?”

“तू मिरच्या खा.”

“खातोय.”

दुसरी गाय आणली. तिसरी आणली. पुढच्याही आणल्या. सगळ्या कमी. त्यातही क्रम बदललेला. ज्या पहिल्या असायच्या त्या मध्ये गेल्या, मधल्या दोन वर आल्या. कानियोचा चेहरा लाल झाला. त्यानं माझ्या दांडीला लाथ मारली. इथे मला अपमान वाटला असं सांगायला हवं. पण मला फक्त लाथेचं वजन कळलं. ते फार नव्हतं.

“भंगारात घाला याला,” तो म्हणाला.

इन्कोरोनाता गोठ्याकडे गेली आणि सिमेंटची चार पोती ढकलगाडीवर घालून आणली. प्रत्येक पोतं पंचवीस किलोचं. चारही माझ्यावर ठेवली. रोमानो शंभरावर नेला. दांडी सरळ उभी राहिली.

“मेलेला नाही,” ती म्हणाली.

मग तिनं टाक्यात दोरानं बादली सोडली आणि बारोनेस्साला पाणी पाजलं. एक बादली, दुसरी, तिसरी. पाचवी संपली तरी तोंड वर होईना. सहावी अर्धी उरली तेव्हा कुठे बारोनेस्सानं नाकातून हवा सोडली आणि मान वळवली. इन्कोरोनातानं तिला पुन्हा माझ्यावर उभं केलं.

सहाशे एकेचाळीस.

बार्तोलोचं कुडुमकुडुम थांबलं.

“त्रेपन्न,” इन्कोरोनाता म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे ही गाय पाचशे अठ्ठ्याऐंशीची आहे, बाबा. वरचे त्रेपन्न पाण्याचे.”

“मग सगळ्याच पितात की! गाय आहे, पाणी पिणारच.”

“सगळ्या त्रेपन्न पितात का, ते बघू.”

कळपात चेनेरे नावाची एक गाय होती. राखेच्या रंगाची, बरगड्या मोजता येतील अशी. ती खरं तर कळपात असायलाच नको होती. कालवड असताना वजनाच्या दिवशी ती लांब कुठेतरी चरत राहिली आणि संध्याकाळी परतली, त्यामुळे तिला मोजायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी तिला वासरू होतं म्हणून ठेवली. नंतर दरवर्षीच वासरू असायचं, नऊ वर्षांत एकदाही खंड नाही, त्यामुळे तिला काढायचा विषय निघाला नाही. ती माझ्यावर पहिल्यांदाच आली. चारशे बावन्न. मग तिला पाणी दाखवलं. दीड बादली प्यायली, तोंड पुसल्यासारखं केलं आणि चालू लागली. चारशे सदुसष्ट.

“पंधरा,” इन्कोरोनाता म्हणाली.

व्यापारी नऊला आला तेव्हा त्याला परत पाठवलं. इन्कोरोनातानं पुढचे तीन दिवस सगळ्यांना असंच मोजलं. पाण्याआधी एकदा, पाण्यानंतर एकदा. वही जवळ नव्हती म्हणून कोळशाने दोन्ही आकडे गायीच्या पाठीवर लिहिले. तीन दिवस आमच्या टेकडीवर वजाबाक्या चरत होत्या.

आणि वजाबाकी सरळ होती. कानियोनं जिला जितक्या उत्साहानं निवडलं होतं, तिचा फरक तितका मोठा.

तिसऱ्या दिवशी बार्तोलो पुन्हा आला. त्यानं पाठींवरचे आकडे वाचले, सावकाश, बोट फिरवत. मग तो कानियोजवळ बसला.

“कोम्पारे, माझ्या गायी एक दिवसाआड झऱ्यावर येतात. मला वाटायचं, बिचाऱ्या गरिबाच्या गायी, समजूतदार आहेत.”

“बोल काय बोलायचंय ते.”

“बोलायचं काही नाही. तू दरवर्षी मिठानं तहान लावलीस आणि जी जास्त ढोसेल तिला बक्षीस दिलंस. जी ढोसणार नाही तिला माझ्याकडे पाठवलंस. पंचवीस वर्षं तू माझा कळप निवडत होतास. तेही फुकट. मी दगड रचले तेवढेच.”

कानियो हसला नाही. बार्तोलोही हसला नाही. हसायला हवं होतं असं दोघांनाही वाटत असावं, पण वेळ निघून गेली.

मित्रांनो, माझाही यात हात होता. मी एकदाही खोटं बोललो नाही. सहाशे एकेचाळीस विचारलं, सहाशे एकेचाळीस सांगितलं. त्यातलं किती मांस, किती हाडं, किती पाणी, हे मला माहीत नसतं. पंचवीस वर्षं मी खरं सांगत राहिलो आणि त्या खऱ्यावर एक तहानलेला कळप उभा राहिला, पाणी नसलेल्या टेकडीवर. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. माझ्याकडे त्यासाठी आकडा नाही.

त्या संध्याकाळी इन्कोरोनातानं टाक्यात लांब काठी बुडवली आणि ओली खूण बघितली.

“चव्वेचाळीस ठेवल्या तर चोवीस दिवस,” ती म्हणाली. “पाऊस ऑक्टोबरच्या आधी येत नाही. गावालाच टँकरने पाणी येतंय, आपल्याला कोण देणार? निम्म्या ठेवल्या तर पोहोचू.”

“निम्म्या,” कानियो म्हणाला.

“बावीस. जास्त ठेवल्या तर एकही उरणार नाही. आणि त्या बावीस चुकीच्या निवडल्या तरी तेच.”

“जड ठेवायच्या. नेहमी जडच ठेवतो आपण.”

“बाबा.”

“मला माहितेय. तोंडातून निघून गेलं.”

त्यानंतर तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. माझ्या पाटाच्या कडेला बसायचा आणि गायींकडे बघायचा. प्रत्येक गाय त्यानं स्वतः निवडलेली. प्रत्येकीची आई, आजी, पणजी त्यानं निवडलेली. बाप गेल्यावर त्यानं आयुष्यात दुसरं काही केलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी इन्कोरोनाता कोळसा घेऊन आली आणि जायच्या गायींच्या शिंगांवर खुणा करू लागली. सर्वांत जास्त फरक असलेल्यांपासून सुरुवात. एकवीस झाल्या. बारोनेस्सासमोर मात्र ती थांबली. बारोनेस्सा हौदाच्या कडेला, रिकाम्या हौदात तोंड घालून उभी होती.

“बाबा, ही राहू दे,” ती म्हणाली. “एकीनं काय होतंय? मी बघते पाण्याचं.”

कानियो उठला. गुडघे कुरकुरले, ते मलाही ऐकू आलं.

“एक नाही ती,” तो म्हणाला. “साडेतीन चेनेरे आहे. वजाबाकी तुझीच आहे ना? मग धर.”

त्यानं कोळसा तिच्या हातातून घेतला आणि बारोनेस्साच्या शिंगावर खूण केली. ती नीट उमटली नाही, म्हणून पुन्हा केली.

ट्रक दुसऱ्या दिवशी आला. बावीस जनावरं एकामागून एक माझ्यावरून गेली, पाण्याविना. व्यापाऱ्याला ते विचित्र वाटलं. “वजा काय करू मग?” असं तो दोनदा म्हणाला. त्याच्या आयुष्यातला तेवढाच एक संवाद होता आणि तो आम्ही काढून घेतला.

शेवटी बारोनेस्सा. कानियो तिला आणायला गेला तो बराच वेळ आला नाही. मग दोर ओढल्याचा आवाज आला. टाक्यातून बादली वर येत होती. एक. दोन. इन्कोरोनाता तिकडे गेली. मला वाटलं ती आता त्याला थांबवेल. प्रत्येक बादली मोजलेली होती. तिनं दोराचं दुसरं टोक धरलं आणि ओढू लागली. तीन. चार. पाच. साडेपाच.

बारोनेस्सा माझ्यावर येऊन उभी राहिली. पुढचा उजवा पाय दाबून.

“आता ही भरून आणली होय,” व्यापारी खूश होऊन म्हणाला. “दोन बादल्या वजा!”

“सगळ्या वजा कर,” कानियो म्हणाला. “वजनासाठी नाही पाजलं. तिला तहान लागली होती.”

रोमानो व्यापाऱ्यानंच सरकवला. कानियो दांडीकडे न बघता गायीच्या कानामागे खाजवत होता. आकडा काय होता तो मी सांगत नाही. कोणी लिहून घेतला नाही. ओझं आलं, ओझं उतरलं. मग पुढचं फाटक बंद झालं.

पाऊस नऊ ऑक्टोबरला आला. टाक्यात तेव्हा वीतभर पाणी होतं. बावीसच्या बावीस गायी पायांवर उभ्या होत्या, आणि लांबच्या उतारावरचं गवत संपलेलं होतं, कारण त्या तिथे जाऊन खात होत्या. वळू बार्तोलोनं दिला. देताना म्हणाला, “पण त्याला मीठ चारायचं नाही, शास्त्रज्ञबुवा. त्याचं वळण बिघडवू नकोस.” कानियो म्हणाला, “तोंड आवर.” त्यावरून सगळ्यांना कळलं की तो आता पूर्वीसारखा बोलायला लागला आहे. पुढच्या उन्हाळ्यात एकोणीस वासरं झाली, गव्हाच्या रंगाची.

त्या वेळी ना मला आनंद झाला, ना त्याआधी दुःख. पण वासरं पाटावरून उड्या मारत गेली तेव्हा दांडी थोडी थरथरली. वासरांचं वजन कमी असतं, त्यानं होतं तसं.

आता मी फारसा लागत नाही. इन्कोरोनाताकडे वही आहे. तिच्यात ती आधी लिहिते की कोणती गाय दरवर्षी वासरू देते, मग कोणती किती लांब चरून येते, मग कोणती किती पिते. चौथ्या रकान्यात माझा आकडा असतो. वर्षातून एकदा, भल्या पहाटे, कोरड्या पोटी. उरलेले दिवस दांडीला खीळ घातलेली असते आणि पाटावर कोंबड्या बसतात. वंगण तीन वर्षांत मिळालेलं नाही. पाटाखाली माती साचली आहे.

कानियो मात्र रोज येतो. ऊन कोवळं असताना माझ्या पाटावर खुर्ची टाकून बसतो, आणि गायी उताराकडे निघून जातात ते बघतो. दांडीला खीळ असते, तरी मला कळतं. खुर्ची चार किलोची. ती वजा करून त्या दुष्काळात तो चौऱ्याहत्तर होता. मग बहात्तर. मग अडुसष्ट. यंदा एकसष्ट. मिशी तशीच आहे, टोपी तशीच आहे, इन्कोरोनाता सकाळी बस घेऊन निघताना विचारते, “काय बाबा, कसे आहात?” तो म्हणतो, “ठणठणीत.” आणि ती जाते.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. माझ्या सांध्यांना थोडं वंगण द्या, पाटाखालची माती काढा. आणि तुमच्यापैकी कोणी सेर्राल्बाला आलात, तर तो खुर्चीत बसलेला असतानाच कोणीतरी खीळ काढा आणि रोमानो सरकवा. मला विचारल्याशिवाय सांगता येत नाही.